चाचांचा ॲम्प्लिफायर आणि माझी तांब्याची तार

मी गेली सव्वीस वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. विद्युतधारेचा धडा आला की फळ्यावर फ्यूजचं चित्र काढायचं आणि विचारायचं, "फ्यूजच्या जागी जाड तार घातली तर काय होईल?" मागच्या बाकावरचा एखादा हमखास सांगतो, "सर, मोटार चालंल." वर्ग हसतो. पूर्वी मीही हसायचो. गेल्या वर्षीपासून मी त्या वेळी खडू शोधायला टेबलाखाली वाकतो.

कारण जाड तार घातल्यावर काय होतं, ते मी करून पाहिलं आहे. माझ्याकडं विश्वासानं ठेवलेला एक ॲम्प्लिफायर मी जाळला, आणि त्याचा दोष एका वायरमनवर घालून त्याची नोकरी जायची वेळ आणली. हे कुठंतरी नीट लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

ॲम्प्लिफायर आमच्या समोरच्या घरातल्या चाचांचा. चाचांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. त्यांनी तीसेक वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. परभणी, जिंतूर, हिंगोली, नांदेड, जिथं मांडव तिथं चाचा. पुढं डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला, बाकीचे कलाकार रिक्षा नाहीतर दुकान चालवायला लागले, आणि चाचांकडं एक गिटार आणि तो ॲम्प्लिफायर एवढं राहिलं. मी पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडं शिकायला गेलो. त्या वयात लोक साखरेच्या गोळ्या सुरू करतात, मी दोन्ही सुरू केलं. एवढ्या वर्षांत मला साडेतीन गाणी येतात. चौथ्या गाण्यात मधेच एक कॉर्ड असा आहे की तिथं माझी करंगळी पोचत नाही. चाचा म्हणतात, "मास्टर, तुमारी उंगली में हिंमत नै."

त्या ॲम्प्लिफायरच्या पेटीला मागून पाठ नाही. आत डोकावलं की सहा काचेच्या नळ्या दिसतात. जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॉल्व्ह. चाचा त्यांना बल्ब म्हणतात. बटन दाबलं की लगेच आवाज येत नाही. नळ्या आधी तापून नारिंगी व्हाव्या लागतात. म्हणून पेटीला दोन बटनं आहेत. पहिलं नळ्या तापवतं. दुसऱ्याला चाचा 'हाय' म्हणतात, कारण त्यानं नळ्यांवर तीनशेच्या वर व्होल्ट येतात. गार नळीवर हाय सोडायचा नाही, हा ह्या पेटीचा पहिला आणि शेवटचा नियम. झोपलेल्या माणसाला उठवून लगेच पळायला लावलं तर तो जसा पडेल, तशी नळी पडते.

परभणीत हा नियम पाळणं म्हणजे एक नोकरीच आहे. आमची गल्ली गावाच्या कडेला आहे, मागच्या भिंतीपलीकडं शेतं सुरू होतात. लाईट गेली की बाकीची उपकरणं पटकन मरतात, पण ह्या पेटीला मरायला वेळ लागतो. वाजवलेला सूर अंधारातही थोडा वेळ चालू राहतो, मग घसरत घसरत घोगरा होतो आणि संपतो. नळ्या त्यानंतरही मिनिटभर लालसर दिसतात. इन्व्हर्टरवर लावलं तर आत भुंगा कोंडल्यासारखा आवाज. आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की मागच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, आणि पेटीचा घसाही बसतो. पण तो बसलेला आवाज विलक्षण गोड लागतो. चाचा त्या दिवसांची वाट बघायचे. "हरबरेकू पानी चालू है मास्टर, निकालो गिटार."

गेल्या वर्षी चाचा डोळ्यांच्या ऑपरेशनला हैदराबादला मुलीकडं निघाले. दोन महिने जाणार होते. घराला कुलूप, आणि घरात उंदीर. म्हणून त्यांनी पेटी माझ्याकडं आणून ठेवली.

"मास्टर, लाइट गयी तो दोनों बटनां बंद. आयी तो भरोसा नक्को करना. चाय पियो. टिकी तो पहला बटन. फिर बिडी पियो. फिर हाय."

"चाचा, मी बिडी पीत नाही."

"तो दो चाय पियो. तुम साइन्स के मास्टर है, तुमकू क्या समजाऊँ."

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं, हे कबूल करतो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. लाईट गेली की आमच्याकडं कुणीही बटन बंद करत नाही. उलट एखादं मुद्दाम चालू ठेवतात, म्हणजे आली की कळतं. कुणाचा रेडिओ बोलतो, कुणाचा पंखा फिरतो. आमच्या घरात हे काम ॲम्प्लिफायरकडं गेलं. त्याच्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा आहे, तो स्वयंपाकघरातून सरळ दिसतो. बायकोला तो सोयीचा पडला. लाल दिवा लागला की ती नळाची मोटार सुरू करायची. चार दिवसांत त्या पेटीचं संगीताशी नातं तुटलं आणि पाणीपुरवठा खात्यात तिची बदली झाली.

"अहो, ते बंद करू नका, लाईट आल्याली कळत न्हाई मला."

मी पहिल्या आठवड्यात दोन्ही बटनं बंद करायचो. दुसऱ्या आठवड्यात फक्त हाय बंद करायचो. तिसऱ्या आठवड्यात विसरलो. चौथ्यात विसरलो असं म्हणता येणार नाही, आळस केला. लाईट यायची, गार नळ्यांवर सगळा दाब एकदम पडायचा, आणि मागचा काचेचा छोटा फ्यूज उडायचा. एकदा उडाला, नवा आणला. दुसऱ्यांदा उडाला, परत आणला. तिसऱ्यांदा दुकानदारानं विचारलं, "सर, त्याला कायतरी झालंय, बघून घ्या की." मला अपमान वाटला. साइन्सच्या मास्तरला दुकानदार सांगणार! मी घरी आलो, मोटारीच्या जुन्या वायरीतली तांब्याची तार सोलली, जळक्या फ्यूजला बाहेरून गुंडाळली आणि तो परत आत बसवला.

पुढं एकदाही फ्यूज उडाला नाही. मला समाधान वाटलं.

खरं तर आमच्या जिल्ह्यात फ्यूज ही कल्पनाच लोकांना पटलेली नाही. चारठाण्याकडं आमच्या काकांच्या शेताजवळ डीपी आहे, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याची पेटी. त्या पेटीत फ्यूजच्या जागी कुंपणाची तार आहे. मी एकदा काकांना धोका समजावून सांगितला. काका म्हणाले, "मास्तर, फ्यूज जळतोय म्हणून तर तार घातली." आता कळतं की मी त्यांच्याच रक्ताचा आहे, फक्त बीएड झालेला.

तो दुसरा शनिवार होता. सकाळी मी गिटार घेऊन बसलो होतो, तेवढ्यात लाईट गेली. गल्लीच्या तोंडाला खांबावर वायरमन चढलेला दिसला. आमच्या भागाचा वायरमन कंत्राटी. पस्तिशीचा, येलदरीकडचा, बोलायला गोड. भर पावसात फोन केला तरी येणारा. एका खांबावरची जोड-तार खराब झाली होती, ती तो बदलत होता. मी दोन्ही बटनं तशीच ठेवून खाली गेलो आणि खांबाखाली उभं राहून त्याला सूचना द्यायला लागलो.

"फेज बघून जोड रे."

"हौ सर."

"लूज राहिलं तर स्पार्किंग होतं."

"हौ सर, मी दहा वर्षं झाली हेच करायलोय."

काम झालं. त्यानं लाईट सोडली, काहीतरी बघायला परत काढली, परत सोडली. असं दोन-तीन वेळा झालं. ते नेहमीचंच आहे, जोड तपासायची तर असंच करावं लागतं. आणि तेवढ्यात आमच्या गच्चीवरून बायकोचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"अहो, तुमचं ते डबडं पेटलंय!"

धावत गेलो. पेटीतून काळा धूर, आणि खोलीभर डांबराचा वास, नवीन रस्ता होताना येतो तसा. एक नळी आतून निळी-पांढरी चमकत होती. फ्यूजनं त्या क्षणी जळून जायचं असतं. माझी तार जळली नाही. तिनं शेवटपर्यंत इमानानं करंट पुरवला, आणि आतला मोठा ट्रान्सफॉर्मर, ज्याला चाचा कलेजा म्हणायचे, तो जळून त्यातलं डांबर खाली ओघळलं. मी बोर्डाचं बटन बंद केलं. बायको म्हणाली, "काय झालं वो हे?"

तेव्हा दारात शेजारी जमा झाले होते. मी त्यांच्याकडं बघून म्हणालो, "व्होल्टेज जास्त आलं. त्यानं जोडणीत काहीतरी घोळ केला."

एवढंच बोललो. तीन सेकंदांत बोललो. पण गल्लीला एकदा कारण मिळालं की मग थांबत नाही. एक म्हणाले, "आमचा मिक्सर बी तवाच गेला वाटतं." मिक्सर दिवाळीपासून बंद होता. दुसऱ्यांचा कूलर निघाला, तिसऱ्यांची इस्त्री. एका काकूंचं भिंतीवरचं घड्याळ त्याच दिवशी बंद पडलं होतं. ते सेलवर चालतं. मी गप्प बसलो. मी तिथं तज्ज्ञ होतो.

पुढच्या आठवड्यात चाचा आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मुलीनं दिलेला बिस्किटांचा डबा, तो माझ्यासाठी. घर उघडायच्या आधी आमच्याकडं आले.

"किदर है मेरा बाजा? नयी आँखां से बल्ब देखने का है."

मी सांगितलं, लाईटनं खाल्ला. वायरमननं चुकीचं जोडलं. चाचा पेटीसमोर खाली बसले. हात आत घालून त्यांनी घट्ट झालेलं डांबर चाचपलं. मग त्यांनी त्या वायरमनला एक शिवी दिली. सात वर्षांत मी चाचांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. मीही मान हलवली, वर आणखी एक जोडली.

संध्याकाळी गल्लीनं ठरवलं, वीज कंपनीकडं अर्ज द्यायचा. अर्ज कोण लिहिणार? सर लिहिणार. माझं अक्षर चांगलं आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपासून 'सदर कर्मचाऱ्यावर कडक कारवाई व्हावी' इथपर्यंत मी एका बैठकीत लिहिला. घड्याळही घातलं. पहिली सही माझी, दुसरी चाचांची, खाली गल्ली.

दोन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी वायरमन माझ्या दारात उभा. मला वाटलं भांडायला आला. त्यानं चप्पल बाहेर काढली, आत येऊन बसला, आणि खिशातून दोन कागद काढले. एक त्याला आलेली नोटीस. दुसरी माझ्या अर्जाची झेरॉक्स.

"सर, हे अक्षर तुमचंच न्हवं?"

"हो."

"लय भारी लिवलंय. सायबानं मला मोठ्यानं वाचायला लावला. वाचता वाचता मलाच माझा राग आला." तो हसला. "आता उद्या सोमवारी मला खुलासा द्यायचाय. करार ह्याच महिन्यात संपायलाय. पुढं ठेवत्यात का न्हाई ते सगळं त्या खुलाशावर हाय. तर तसाच एक लिवून द्या की."

"मी?"

"मग कोण? आमच्यात तुमच्यावाणी लिवणारं कुणी न्हाई. माझ्या हातानं लिवला तर वाचायच्या आधीच काढत्याल मला."

बायकोनं चहा आणून ठेवला. मी कोरा कागद घेतला. तो सांगत होता, मी लिहीत होतो. जोड बदलली. मीटर लावून तिन्ही फेज बघितल्या. व्होल्टेज बरोबर होतं. खांबाखाली हजर असलेल्या सरांना तसं सांगितलं. "सांगितलं होतं न्हवं सर? दोनशे तीस, तुमी म्हणलात शाबास."

मी म्हणालो होतो, शाबास. विसरलो होतो.

पेन तिथंच थांबलं. तो वाट बघत होता. मी उठलो, कपाटातून तो फ्यूज काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. का जपून ठेवला होता, माहीत नाही.

"व्होल्टेज जास्त आलं नव्हतं. ही तार होती आत."

त्यानं उचलून बघितला. "कुणी घातली?"

"मी."

त्यानं तार बोटांत धरून तिची जाडी बघितली. "सर, एवढ्या तारेवर आमच्या गावाकडं पाच एचपीची मोटार चालती."

"माहीत आहे."

"तुमाला म्हाईत होतं?"

"शिकवतो मी ते."

आता तो हसला नाही. "माझ्या पोरीला पुढच्या वर्षी तुमच्याच शाळेत टाकायचं म्हणत होतो," एवढंच म्हणाला, आणि चहा संपवला. गार झाला होता तरी सगळा संपवला.

आम्ही दोघं समोर चाचांकडं गेलो. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा काहीतरी जोडून सांगितलं असतं. चाचांनी काळा चष्मा काढला.

"दोनों बटनां चालू थे?"

"हो."

"चाय पिये थे?"

"नाही."

चाचांनी वायरमनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जला सो जला. चीज है, जलती. मैं भी एक दिन जाने वाला. पन तुम मेरे सामने बैठके इसकू गाली दिये, तो मैं भी दिया. अब वो गाली मैं वापस कैसा लेऊँ, बताओ मास्टर?"

वायरमन म्हणाला, "जाऊ द्या चाचा, मला लई जण देत्यात. त्यातच धरा."

अर्ज मागे घ्यायचा होता. चाचांनी लगेच सही दिली. बाकी गल्लीकडं मी घरोघर गेलो, माझी चूक सांगितली. कुणी वाईट बोललं नाही, पण सहीही कुणी दिली नाही.

"सर, तुमचं डबडं तुमी जाळलं असंल. आमच्या मिक्सरचं काय?"

"मिक्सर दिवाळीपासून बंद आहे ना?"

"हो, पण भरपाई मिळाली तर चालूच धरा की."

घड्याळवाल्या काकू म्हणाल्या की त्यांनी नवा सेल घातला तरी घड्याळ मागं चालतं, म्हणजे शॉक बसलेलाच आहे.

सोमवारी मी सुट्टी टाकून वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. चाचाही बरोबर आले. साहेबांनी मी पुरा करून दिलेला वायरमनचा खुलासा वाचला, मग माझं वेगळं निवेदन वाचलं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर बघितलं.

"म्हणजे अर्ज तुमचा, खुलासा तुमचा आणि साक्षही तुमची?"

"हो."

"सर, कुणाचा दबाव आहे का? मोकळं बोला."

"नाही. तार मीच घातली होती."

"अहो, तार सगळेच घालतात. पण असं लिहून कोण देतं?" त्यांना खरंच काळजी वाटत होती. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. चाचा शेजारून म्हणाले, "साब, ये आदमी सच बोलता. देर से बोलता, बस."

निकाल अर्धाच लागला. वायरमनचा करार वाढला. पण गल्लीच्या सह्या तशाच राहिल्यामुळं त्याला आमच्या भागातून काढून येलदरीकडं पाठवलं. मी फोन केला, तर म्हणाला, "बरं झालं सर, घरचा डबा मिळायलाय." म्हणजे मी केलेल्या अन्यायाचंही त्यानं भलं करून टाकलं. मला हळहळायलाही नीट जागा ठेवली नाही.

पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मी चाचांना सांगितलं, गल्लीला सांगितलं, साहेबांना लिहून दिलं. तार कुणी घातली, ते सगळ्यांना सांगितलं. ज्याचं नुकसान केलं त्याला 'माझं चुकलं' असं मी एकदाही म्हणालो नव्हतो. त्याच्यासमोर मी फक्त फ्यूज ठेवला होता, जसा मुलांसमोर नमुना ठेवतो.

बरेच महिने टाळलं, शेवटी परवाच्या रविवारी बसनं येलदरीला गेलो. धरणाच्या अलीकडं उसाच्या कडेला तो खांबावर चढलेला होता. खाली दोन शेतकरी मान वर करून उभे, माझ्यासारखेच सूचना देत. मी हाक मारली. त्यानं वरून हात केला.

"काय सर, इकडं कुठं?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"काय? ऐकू येईना!"

वारा होता. मी दोन्ही हात तोंडाशी धरून, वर्गावर ओरडतो त्याच्या दुप्पट आवाजात ओरडलो, "माझं चुकलं!"

दोघंही शेतकरी माझ्याकडं वळले. एकानं विचारलं, "काय केलंत वो पाहुणे?"

वर वायरमननं पकड कमरेच्या पट्ट्यात खोचली. मग म्हणाला, "बरं! आता जरा बाजूला सरका सर, लाईन सोडायचीय."